दहा लाख तीन

आमच्या घरात तीन हा आकडा चालत नसे. ताटात तीन भाकऱ्या वाढायच्या नाहीत. भूक तिसरीपर्यंतच असली तरी आई तिसरीच्या कडेला चौथीचा एक कुटका मोडून ठेवायची, म्हणजे वरच्याला वाटावं की इथं तीन नाहीत, तीनाच्या वर काहीतरी आहे. तिघांनी मिळून कामाला निघायचं नाही. निघावंच लागलं तर खिशात एक सुपारी घालायची आणि तिला चौथा माणूस समजायचं. "तीन तिगाडा, काम बिगाडा," हे बाबा दिवसातून एकदा तरी म्हणायचे, तेही सरकारी नियम वाचून दाखवावा तसं. ते स्वतः शाळेत तिसरीपर्यंत गेले होते. त्यांच्या मते शाळा बिघडली ती त्या तीनामुळंच.

नऊ मात्र लाडका. जीपच्या नंबरची बेरीज नऊ. मोबाईल नवे नवे आले तेव्हा त्यांनी दुकानदाराला अर्धा दिवस घाम फोडला आणि बेरीज नऊ येणारा नंबर घेऊनच उठले. कुणी नंबर मागितला तर आधी बेरीज सांगायचे, मग नंबर. पुढं गणित शिकल्यावर मला कळलं की ज्या आकड्याच्या अंकांची बेरीज नऊ, त्याला नवानं नेमका भाग जातो, आकडा केवढाही मोठा असो. म्हणजे बाबांनी आयुष्यभर हौसेनं जमवलेलं सगळं नवाच्या पाढ्यातलं होतं. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मंग मी काय वेगलं सांगत होतो?"

मला या सगळ्याची लाज वाटायची. सरळच सांगते, त्यात लपवायचं काय? भिवंडीच्या कडेला आमचं घर. पुढं आमची शेतं होती, त्यांच्यावर गोदामं उभी राहिली. मागं लूमचा गाळा, तो भाड्यानं दिलेला. त्याच्या खडखडाटात सगळे ओरडून बोलायचे आणि बाहेर शांत जागी गेले तरी ओरडूनच बोलायचे. बाबा तर बँकेतसुद्धा असे बोलायचे की मॅनेजर केबिनमधून बाहेर यायचा. गळ्यात बोटभर जाड साखळी, पांढरा शर्ट, पांढरी पँट. एके काळी त्यांची वीटभट्टी होती, त्यामुळं हिशेब सगळा विटांत. कॉलेजच्या फाटकाशी जीप थांबली आणि "बायऽऽ" अशी हाक आली की मी मैत्रिणींच्या मागं लपायचे. आमच्याकडं लेकीला बाय म्हणतात. हाक मायेची होती, पण ती धामणकर नाक्यापर्यंत ऐकू जायची.

तर मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. गणिताचे सर दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात म्हणाले, "दहा लाखानंतरची पहिली मूळ संख्या शोधून आणा. कॉम्प्युटर नको, कॅल्क्युलेटर नको. सुट्टी आहे, हात आहेत." वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला असल्या गोष्टीची खाज होती.

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही. सात, अकरा, तेरा. लहान असतात तोवर त्या पटकन ओळखू येतात. दहा लाखाच्या पलीकडं मात्र सगळ्या सारख्याच दिसतात. दहा लाख एक बघा. दोन टोकांना एक, मध्ये नुसती शून्यं. वाटतं, हिला कोण हात लावणार? मी तिच्या प्रेमातच पडले होते. बाबांनाही ती पसंत होती, एक लावलेला आकडा शुभ म्हणून. आणि मग मी तिला एकशे एकनं भागलं. नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "एकशे एकनं जातो? मंग तर आनखीन शुभ."

दहा लाख दोन ही सम संख्या, ती गेली. उरली दहा लाख तीन.

ती मूळ आहे हे सिद्ध करायचं तर हजाराच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघायला हवं. हजाराच्या पुढं जायची गरज नाही, कारण दोन विभाजक हजारापेक्षा मोठे असते तर त्यांचा गुणाकार दहा लाख तीनाला ओलांडून गेला असता. हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट. तेवढे भागाकार, आणि एकातही बाकी शून्य आली की सगळ्यावर पाणी. मी जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून ओसरीवर बसले. लूम चालू असले की डोक्यात आकडे नाचायचे. लोडशेडिंग झालं, लूम थांबले, की कानात एकदम मोकळं वाटायचं आणि भागाकार सरळ उतरायचे. सगळी भिवंडी लाईट गेली म्हणून शिव्या घालायची, मी एकटी खूश.

सातनं भागलं, बाकी चार. अकरानं भागलं, बाकी चार. तेरानं भागलं, परत चार. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय, मी तोच भागाकार परत परत करतेय. सदतीसनंही चारच. मग लक्षात आलं. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव, हा नुसत्या नवांचा आकडा या चौघांच्याही पाढ्यात येतो, आणि माझा आकडा त्याच्या पुढं चार पावलांवर उभा आहे. त्या दुपारी मला जो आनंद झाला तसा पुढं डिग्री मिळाल्यावरही झाला नाही. शेवटचा भागाकार नऊशे सत्त्याण्णवचा. बाकी बारा. मी इतक्या जोरात ओरडले की आई काठी घेऊन आली. तिला वाटलं साप निघाला.

सरांनी माझी पानं मुंबईत एम.एस्सी.ला शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवली. बाईंचा निरोप आला: मुलीला माझ्याकडं पाठवा, हॉस्टेलचं मी बघते, घरच्यांशी बोलायला मी स्वतः येईन.

इथं माझा जीव टांगणीला लागला. कारण अंबाडीकडचं एक स्थळ आलेलं होतं. माणसं चांगली, घर भरलेलं, आणि बाबांनी म्हणून ठेवलं होतं, "बी.एस्सी. झाली की बार उडवून देऊ." हॉस्टेल हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलाही नव्हता. बाबा बराच वेळ साखळी बोटाभोवती फिरवत बसले आणि म्हणाले, "बाईंना येऊ दे घरी. मी मानूस बघतो, मंग बोलतो." बाबांनी 'नाही' म्हटलं नाही, एवढ्यावरच मी ते दिवस काढत होते. येत्या रविवारी दुपारी जेवायला यायचं ठरलं.

शनिवारी मी कॉलेजातून शेअर रिक्षानं येत होते. धामणकर नाक्यावर ट्रॅफिक तुंबलेलं, नेहमीसारखंच. मी सहज वर बघितलं तर मीच.

चुलत बहिणीच्या हळदीतला फोटो. अंगभर सोनं, कपाळावर घामानं सरकलेली टिकली, तोंडात बहुतेक लाडू. एका बाजूला हात जोडलेले बाबा, दुसऱ्या बाजूला काका आणि त्यांचा काळा चष्मा. पिवळ्या फ्लेक्सवर मजकूर होता: 'भिवंडीची शान! जगातील मूळ संख्या 1000008 शोधून काढल्याबद्दल आपल्या गावच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ व मित्रमंडळ.' आकडा लाल, इंग्रजीत, जीपच्या नंबरप्लेटवर असतो तसा. शेवटी आठ. मी डोळे चोळून पाहिलं. आठच.

शेजारी एक म्हाताऱ्या खाला बसल्या होत्या. त्यांनी एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "बेटी, ये फोटो तुम्हारा है ना?"

"हां, खाला."

"माशाल्ला. दस लाख मिला?"

"नहीं खाला, वो नंबर है."

"कौन सा नंबर? लॉटरी का?"

अख्खी रिक्षा माझ्याकडं बघत होती. ड्रायव्हरनं आरसा वळवला. लाज वाटली की माणूस म्हणतं, धरणी दुभंगावी. नाक्यावर धरणी कुठं दिसते? खड्डे तेवढे होते. मी तिथंच उतरले आणि चालत घरी आले.

बाबा ओसरीवर वाटच बघत होते. "बघितलंस?"

"बाबा, तीन होतं ते. दहा लाख तीन."

"ठाव हाय मना." ते अजिबात गडबडले नाहीत. "बेरीज केली मी. चार येत होती. शेवटी तीन आनि बेरीज चार. चौघं मिलून काय उचलतात, ठाव हाय ना? पोरीच्या फोटोखाली तसला आकडा लावू काय मी? उद्या बाई येनार, तुजं काम व्हायचं हाय. आठ केला, बेरीज नऊ. एकशे आठ, एक हजार आठ, तसा दहा लाख आठ. कसा शोभतो बघ."

"पण तो आकडा वेगळा झाला ना!"

"पाचाचा तर फरक. दहा लाख विटांमधी पाच इकडं तिकडं, कोन मोजतंय?"

मी तापट आहे, बापावरच गेलेय. मी सुरू झाले. "तो दोननं जातो, बाबा. तीननं जातो, चारनं जातो, आठनं जातो, तुमच्या नवानं जातो. सतरानं, एकोणीसनं, त्रेचाळीसनंसुद्धा जातो. मूळ संख्येला कशानंच भाग जाता कामा नये, आणि तुम्ही असा शोधून लावलात की जो येईल त्याला जातोय."

"मंग वाईट काय? सगल्यांना पुरतो."

"उतरवा तो."

आता मात्र त्यांचा आवाज चढला. "खुली हाय काय? लावलेला फ्लेक्स कोन उतरवतो? लोक बोलतील, काय झालं, कोन मेलं?" आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडं फ्लेक्स ऊन-पावसानं फाटून पडतो, नाहीतर भांडणात फाडला जातो. आपल्या हातानं उतरवलेला मी तोवर पाहिला नव्हता.

रविवारी बाईंना आणायला मी जीपमधून गेले. काका गाडी चालवत होते. बाबांनी बाईंना फोनवर खूण सांगून ठेवली होती, नाक्यावर पोरीचा फोटो दिसेल, त्याच्याखालीच उभ्या राहा. बाई तिथंच उभ्या होत्या. सुती साडी, खांद्याला झोळी, मान वर. मी उतरले तेव्हा त्या म्हणाल्या, "फोटो छान आलाय तुझा." मग हळूच, "तुझ्या कागदांवर तीन होतं ना गं?" मी हो म्हटलं. पुढं बोलायचं होतं, पण काका आरशातून बघत होते, आणि बापाची चूक चुलत्यासमोर परक्या बाईला सांगायची म्हणजे काय सांगायची? घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर गोदामं बघत बसले.

आईनं पहाटेपासून राबून जिताड्याचं कालवण केलं होतं. बाई शाकाहारी निघाल्या. आईनं लगबगीनं वालाचं बिरडं पुढं केलं. बाईंनी ते मनापासून खाल्लं, भाकरी कशी करता ते विचारलं, आणि मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला.

"बाई, फ्लेक्स बघितलात ना?"

"हो, बघितला ना."

"तीन होता त्यात. आमी आठ केला." मग त्यांनी सगळं सांगितलं, बेरीज, चौघं, एक हजार आठ, पाच विटा. अगदी रंगात येऊन, हातवारे करून, लूम चालू असल्यासारखं ओरडून.

बाई हसायला लागल्या. वाईट बाई नव्हती ती, हे मी आजही म्हणेन. हसू आवरायचा प्रयत्न केला तिनं, पण ते आवरेना. डोळ्यांना पदर लावून हसली. आणि माझी आई, जिला यातलं काही कळलं नव्हतं, पाहुणी हसतेय म्हणून तीही हसली. ते पाहून बाबाही हसले. तिघांचं हसणं चाललेलं आणि मी ताटातल्या भाकरीकडं बघत होते.

"काय झालं, बाई?" बाबा हसत हसतच म्हणाले.

"अहो, सम संख्या आहे ती! शेवटी आठ. चौथीतलं पोरसुद्धा सांगेल, ही मूळ नाही म्हणून."

बाबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. आई अजून हसत होती. मी तिला पायानं ढोसलं. चौथी म्हणजे बाबांनी न पाहिलेली इयत्ता, हे बाईंना कुठून माहीत असणार? बाबा म्हणाले, "भात घ्या, बाई." तेवढंच, आणि इतक्या हळू आवाजात की मी चमकून वर पाहिलं. बाईंनी हॉस्टेलचं काढलं, फीचं, मुलींच्या सोबतीचं. बाबा मान हलवत राहिले. "बघू," म्हणाले. निघताना त्यांनी बाईंच्या झोळीत शेवग्याच्या शेंगा घातल्या आणि दारापर्यंत गेले. पाहुणचारात कसूर केली नाही.

जीप वळली आणि ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "न्हाय जायचं."

"का?"

"तुज्या बापाला जिथं हसतात तिथं तू शिकनार न्हाय. आज मना हसली, उद्या तुला हसेल. रोज हसेल. हिचा बाप कोन, तर तो आठवाला."

"तीन होतं तर तीन लावायचं होतं! कुणी सांगितलं होतं फ्लेक्स लावायला? साऱ्या नाक्यावर माझी शोभा केलीत." मी आणखीही बरंच बोलले. शेवटी बाबा म्हणाले, "अंबाडीवाल्यांना होकार कलवतो या हप्त्यात," आणि आत गेले. आई माझ्याशी बोलेना, कारण मी तिला पायानं ढोसलं होतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. कॉलेजात पोरं मला 'दहा लाख आठ' म्हणायला लागली. सरांनी फळ्यावर फक्त सम संख्येची व्याख्या लिहिली आणि पुसली. ते विनोदानं होतं की दुःखानं, कळलं नाही. रोज नाका ओलांडताना मी ओढणी तोंडावर घ्यायचे. तरी डोळा वर जायचाच. लाल आठ. मला बाबांची लाज वाटायची, फोटोची लाज वाटायची, आणि सगळ्यात जास्त त्या आकड्याची, कारण तो माझा होता आणि मीच त्याला वाचवलं नव्हतं.

एका दुपारी लाईट गेली, लूम थांबले. मी मागच्या अंगणात बसले होते. तिथं कंपाउंडच्या भिंतीचं काम चाललं होतं, विटा पडलेल्या. बाबा आले, एका विटेवर बसले. आमच्यात बोलणं नव्हतं. लूम बंद असल्यामुळं त्यांना ओरडायलाही कारण नव्हतं.

"काय हाय त्या तीनमधी?" ते म्हणाले.

मी नखानं एका विटेवरची माती खरवडत राहिले.

"सांग ना, बाय. आठ का न्हाय चालत?"

मी उठले आणि विटा मांडायला लागले. "ही रास लावा. सगळ्या ओळी सारख्या पाहिजेत. एकही वीट उरता कामा नये." बारा विटा दिल्या. भट्टीवाला माणूस, त्यानं हसत लावल्या. चार-चारच्या, मोडून सहा-सहाच्या. मग मी एक वीट वाढवली. तेरा. दोन-दोनच्या लावल्या, एक उरली. तीन-तीनच्या, एक उरली. चारच्या, तरी एक. पाचच्या लावल्या तर तीन उरल्या. ते विटा मोडत राहिले, लावत राहिले, शर्टाला लाल माती लागली. शेवटी सगळ्या एका लांब ओळीत लावल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ही अशीच ऱ्हानार."

"हो. हिलाच मूळ संख्या म्हणतात."

"आनि दहा लाख तीन विटा?"

"त्याही अशाच. दुसऱ्या कुठल्याही ओळी लावा, विटा उरणारच."

"सात-सातच्या लावल्या तर किती उरतात?"

"चार."

"अकराच्या?"

"चार."

"तेराच्या?"

"चार."

ते परत खाली बसले. "सगल्या लावून बघितल्यास तू?"

"एकशे अडुसष्ट वेळा. एकदाही बरोबर बसल्या नाहीत."

बाबांनी ओळीतली शेवटची वीट बोटानं सरळ केली. लाईट आली, लूम सुरू झाले, तरी ते हळूच बोलले, मला ओठांवरून समजलं. "आनि मी वरनं पाच विटा फेकल्या."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते म्हणाले, चल. जीपमध्ये शिडी, पिवळा ऑइलपेंट, ब्रश. मला वाटलं फ्लेक्स उतरवायला चाललोय आणि मला हायसं वाटलं. नाक्यावर पोचल्यावर त्यांनी शिडी लावली आणि मला म्हणाले, "धर." पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, आणि हा माणूस धामणकर नाक्यावर शिडी चढतोय. रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवायचे थांबवले. पानवाला बाहेर आला. कापडाचे ताके घेऊन चाललेले हमाल ओझ्यासकट उभे राहिले. मी शिडी धरली होती म्हणून मला तोंड झाकता येईना.

आठचा तीन करायचा म्हणजे डावीकडच्या दोन कमानी पुसायच्या. बाबांनी त्या पिवळ्या रंगानं पुसल्या. थोडा रंग माझ्या फोटोच्या कानावर सांडला.

"क्या हुआ, सेठ?" कुणीतरी खालून विचारलं.

आणि बाबांनी शिडीवरूनच, त्यांच्या त्या बँकेतल्या आवाजात, साऱ्या नाक्याला सांगितलं. "गलती था! मेरा गलती! लडकी का बराबर था!" मग मराठीत, ओळखीच्या लोकांसाठी, "पोरीचं बरोबर होतं रे. मी चुकवलं. मना कलत न्हाय त्यातलं."

खाली कुणीतरी म्हणालं, "तीन? तीन तिगाडा ना, शेठ?" लोक हसले. मी शिडीचे दांडे इतके घट्ट धरले की तळव्यांना वळ उठले. इतकी लाज मला आयुष्यात त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. फरक एवढाच की या वेळी ती बाबांची वाटत नव्हती. लोक हसत होते आणि ते वर एकटे होते, एवढं मला सहन होत नव्हतं.

उतरताना त्यांनी खिशातून लिंबू-मिरची काढली आणि फ्लेक्सच्या खालच्या दोरीला, नेमकी त्या तीनाखाली बांधली. "आकडा बरोबर असू दे," म्हणाले, "पन नजर नको." खाली येऊन हात पुसले. "बाईंना फोन लाव. परत या म्हनावं. त्याच रस्त्यानं या म्हनावं."

बाई आल्या. या वेळी जीप घेऊन बाबा स्वतः गेले. बाईंनी वर पाहिलं, तीन पाहिला, खालची लिंबू-मिरचीही पाहिली, आणि त्या हसल्या नाहीत. त्यांनी बाबांना हात जोडले. अंबाडीवाल्यांना होकार गेलाच नव्हता, हे मला नंतर आईकडून कळलं.

जून महिन्यात मी हॉस्टेलला निघाले. ट्रंक ओसरीवर ठेवलेली, काका जीप पुसत होते. आईनं जेवायला वाढलं. बाबा समोर बसले होते. दोन भाकऱ्या झाल्या, मला आणखी हवी होती, कारण पुढं कधी मिळेल माहीत नव्हतं. आईनं तिसरी वाढली आणि सवयीनं चौथीचा कुटका मोडून तिच्या कडेला ठेवला.

बाबांनी हात लांब केला, माझ्या ताटातला तो कुटका उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"तीनच राहू दे तिला," ते म्हणाले.

आईचा हात टोपलीवरच थांबला. मी मान खाली घालून जेवत राहिले. वर बघायचा धीर मला झाला नाही.